सिमेंटचें खेडें आणि लाकडाचें खेडें

कोल्हापुराहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें दक्षिणेस निघालें, कीं गोकुळ शिरगांवची कारखान्यांची वसाहत ओलांडल्यावर, शहरापासून बारा किलोमीटरांच्या सुमारास, कणेरीचा मठ लागतो. काडसिद्धेश्वराच्या या प्राचीन मठाची ख्याति पूर्वीं भाविकांपुरती होती. २००७ सालापासून मात्र तेथें शाळांच्या सहली, बाहेरगांवचे पाहुणे, सुटींत माहेरीं आलेल्या लेकी व त्यांचीं मुलें अशी निराळीच गर्दी लोटूं लागली. याचें कारण मठाच्या आवारांत उभारलेलें ग्रामजीवनाचें संग्रहालय. सुमारें सात एकर भूमीवर जुन्या मराठी खेड्यांतील ऐंशीच्या आसपास देखावे आणि त्यांत माणसांच्या सुमारें तीनशें प्रतिमा उघड्या आभाळाखालीं मांडलेल्या आहेत. आरंभीं गुहेसारखी एक वाट लागते व तींत प्राचीन ऋषि आणि शास्त्रकार यांच्या मूर्ति दिसतात. ती वाट संपली, कीं पाहणारा एकदम उजेडांत येतो आणि समोर खेडें उभें राहतें. शेतांत नांगर धरलेला कुणबी, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका, भात्यापाशीं लोहार, चाकापाशीं कुंभार, घाण्याजवळ तेली, न्हाव्यापुढें मान वांकवून बसलेलें गिऱ्हाईक. सारें काम ऐन रंगांत आलेलें असावें आणि तेवढ्यांत कोणी तरी ‘थांबा’ म्हणावें, तसें तें दृश्य आहे.

लोक या स्थळाला सरसकट ‘मेणाचें म्युझियम’ म्हणतात. तें खरें नव्हे. लंडनच्या मादाम तुसाँच्या दालनांतील पुतळे मेणाचे आहेत, कारण ते छपराखालीं, बेताच्या थंडाव्यांत उभे असतात. कोल्हापूरच्या वैशाखांत मेण चार दिवस धड राहणार नाहीं, आणि आषाढांतल्या झडींत कच्ची माती विरघळून जाईल. म्हणून कणेरीच्या प्रतिमा सिमेंटाच्या असून त्यांवर रंग चढविलेला आहे. सिमेंट हें पदार्थ म्हणून रुक्षच. परंतु त्यांतून कारागिरांनीं कपाळावरची आठी आणि पिंडरीचा पीळ काढला आहे. ज्या नगरीनें बाबूराव पेंटरांसारखा चित्रकार व शिल्पकार पाहिला, तेथील प्रेक्षकाची नजर पुतळ्याच्या बाबतींत मोठी चोखंदळ असते. ती नजरही येथें समाधान पावते, हें थोडें नव्हे.

एखादी कल्पना धरून रचलेल्या अशा उद्यानांना हल्लीं ‘थीम पार्क’ म्हणतात. हें नांव कानीं पडलें कीं पाळणे, घसरगुंड्या आणि पाण्याचे खेळ एवढेंच डोळ्यांसमोर येतें. परंतु या कुळाची एक थोरली शाखा निराळी आहे, आणि तिचा मूळपुरुष स्वीडन देशांत सांपडतो. युरोपच्या सहलीस गेलेलीं जीं मराठी कुटुंबें स्टॉकहोमपर्यंत पोंचतात, त्यांना तेथील ‘स्कान्सेन’ नांवाचें उद्यान बहुधा दाखविण्यांत येतें. स्कान्सेन या शब्दाचा मूळ अर्थ लहानशी गढी. त्या टेकडीवर पूर्वीं तसा एक मोर्चा होता, त्यावरून हें नांव पडलें. आणि पुढें त्या स्थळाची कीर्ति इतकी पसरली, कीं पोलंड व हंगेरी या देशांत असल्या कोणत्याही उघड्यावरील संग्रहालयाला ‘स्कान्सेन’ असेंच म्हणतात. कणेरीचें खेडें पाहिलेल्या मनुष्यानें स्कान्सेन पाहिलें, अगर त्याच्या उलट घडलें, तर दोहोंची तुलना त्याच्या मनांत आपोआप उभी राहते. ही तुलना थोडी खोलांत जाऊन करण्यासारखी आहे.

स्कान्सेनचा संस्थापक आर्तूर हासेलियुस हा १८३३ सालीं जन्मलेला एक भाषाशिक्षक. स्वीडिश शुद्धलेखनांत सुधारणा व्हावी म्हणून त्यानें उमेदीचीं वर्षें वादांत घालविलीं. १८६९ सालीं स्टॉकहोम येथें उत्तरेकडील देशांची जी शुद्धलेखन-परिषद भरली, तींतही तो होता. शुद्धलेखनाच्या वादांतून एखाद्या मनुष्याचें लक्ष वेळीं दुसरीकडे वळलें तर समाजाचा केवढा लाभ होतो, याचें हासेलियुस हें ठळक उदाहरण म्हणावें लागेल. १८७२ सालीं तो दालार्ना प्रांतांत हिंडत असतां त्याच्या ध्यानांत आलें, कीं गांवोगांवचे पोषाख, लांकडी भांडीं, विणकामाच्या तऱ्हा हीं सर्व आतां मोडींत निघालीं आहेत. आगगाडी व गिरणीचें कापड हीं दोन्हीं एकदमच दाराशीं आलीं होतीं. त्यानें मिळेल तें विकत घेण्यास प्रारंभ केला आणि १८७३ सालीं स्टॉकहोम शहरांत आपल्या संग्रहाचें प्रदर्शन उघडलें.

या प्रदर्शनांत त्यानें जें केलें, तेंच सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं कणेरीस झालें. त्यानें वस्तु कपाटांत मांडल्या नाहींत. माणसाएवढे पुतळे करविले, त्यांना त्या त्या गांवचे खरे कपडे चढविले, आणि घराच्या तीन भिंती उभारून त्यांत प्रसंग रचले. त्यांतील एक देखावा फार गाजला. आमालिया लिंडेग्रेन या चित्रकर्त्रीच्या एका चित्रावरून तो घेतला होता. एका शेतकऱ्याच्या घरांत लहान मुलगी वारली आहे आणि आईबाप व घरचीं माणसें तिच्या शेजेभोंवतीं जमलीं आहेत, एवढाच तो प्रसंग. १८७८ सालच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत स्वीडनचे हे देखावे पाहावयास झुंबड उडाली. शोकाला भाषा लागत नाहीं. फ्रेंच प्रेक्षकांनाही तो कळला.

इतकें यश पदरीं पडल्यावर दुसरा कोणीही पुतळ्यांचीच संख्या वाढवीत बसला असता. हासेलियुसला मात्र त्या देखाव्यांतील उणीव बोचूं लागली. तीन भिंतींच्या घरांत प्रेक्षकानें कायम चौथ्या बाजूस उभें राहावयाचें. आंत पाऊल टाकावयाचें नाहीं, चूल किती उष्ण लागते तें अनुभवावयाचें नाहीं, छत किती ठेंगणें आहे तें डोक्याला कळावयाचें नाहीं. १८८५ सालीं त्यानें मोरा गांवचें एक आख्खें जुनें घरच विकत घेतलें, आणि ११ ऑक्टोबर १८९१ रोजीं स्टॉकहोमच्या यूरगोर्डेन बेटावरील टेकडीवर स्कान्सेन लोकांना खुलें झालें. आज तेथें देशाच्या कानाकोपऱ्यांतून आणलेलीं सुमारें दीडशें घरें, गोठे, कोठारें व गिरण्या आहेत. अठराव्या शतकांतील सेग्लोरा गांवचें लांकडी प्रार्थनामंदिर १९१६ सालीं असेंच उचलून तेथें आणलें. उत्तरेकडील अस्वलें, लांडगे व रानांतील मोठीं सांबरेंही त्याच टेकडीवर पाळलेलीं आहेत. मुलांची ओढ, अर्थातच, प्रथम तिकडे असते.

आख्खें घर उचलून आणणें ही गोष्ट आपल्याकडच्या ऐकणाराला अद्भुत वाटेल. तिचें रहस्य बांधणींत आहे. स्वीडनमधील जुनें घर म्हणजे देवदाराच्या जातीच्या वृक्षांचे ओंडके, टोकांना खांचा पाडून, कोपऱ्याशीं एकमेकांत अडकवून, एकावर एक रचलेले. खिळ्याचें काम त्यांत जवळजवळ नाहीं. प्रत्येक ओंडक्यावर आंकडा घालावा, वरून खालीं घर उतरवीत यावें, गाडीवर अगर जहाजांत घालून न्यावें आणि त्याच क्रमानें पुन्हां रचावें. दोनशें वर्षांचें घर महिन्या-दोन महिन्यांत नव्या जागीं जसेंच्या तसें उभें राहतें. देशावरच्या घराची गोष्ट अगदीं निराळी. त्याच्या भिंती दगडमातीच्या किंवा कच्च्या विटांच्या. त्यांवर वर्षानुवर्षें हात फिरवून बसविलेला गिलावा, खालीं सारवलेली भुई. ती भिंत उतरविली कीं हातीं येते ती निव्वळ माती. दारें, खांब, तुळया नेतां येतील, मोठ्या वाड्याचा लांकडी सांगाडाही नेतां येईल. परंतु बलुतेदाराचें दोन खणांचें घर दुसरीकडे नेतां येत नाहीं, तें फक्त नव्यानें बांधतां येतें. म्हणून कणेरीस घरें न आणतां प्रतिमा उभ्या केल्या, यांत कल्पकतेचें दारिद्र्य मानण्याचें कारण नाहीं. मातीच्या मुलखांत हाच मार्ग सोपा होता.

सोपा होता, पण एकमेव नव्हता. चेन्नईजवळ ‘दक्षिणचित्र’ हें स्थळ १९९६ सालीं खुलें झालें. तेथें केरळ, तमिळनाडु इत्यादि प्रांतांतील जुनीं घरें आणून उभीं केलीं आहेत, आणि त्यांत लांकूडकामाचा भरणा मोठा असल्यामुळें तें साधलें. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयानें आणखी वेगळी युक्ति योजिली. तेथें आदिवासी वस्त्यांतील कारागिरांनाच बोलावून घेतलें आणि त्यांच्या घरांसारखीं घरें त्यांच्याच हातून त्या टेकडीवर बांधविलीं. घर हललें नाहीं. घर बांधणारे हात हलले. मातीचें घर दर पावसाळ्यानंतर लिंपावें लागतें, ही एरवीं अडचणीची वाटणारी गोष्ट अशा ठिकाणीं फायद्याची ठरते, कारण लिंपण्याची विद्या त्या निमित्तानें जिवंत राहते.

स्कान्सेनमध्यें पाऊल टाकणाराला पहिला अनुभव येतो तो वासाचा. चुलींत खरा विस्तव असतो, धुराची झांक घरभर असते, आणि जुन्या पोषाखांतील एखादी बाई लोकर कांतीत किंवा पातळ भाकरी भाजीत बसलेली असते. तिला प्रश्न विचारावा, ती उत्तर देते. कांचेच्या भट्टीपाशीं कारागीर लांब नळीनें फुंकर घालून लालभडक गोळ्याचा पेला करतांना दिसतो. त्याचा एखादा पेला बिघडतोही, आणि पाहणाऱ्या मुलाला त्या बिघडण्यांतच त्या कामाची खरी किंमत कळते. कणेरीच्या कुंभाराचें मडकें कधींच बिघडत नाहीं. तें अर्धें झालेलें आहे आणि अर्धेंच राहणार आहे.

प्रतिमा आणि जिता कारागीर यांतील हें अंतर कोल्हापूरकरांना समजावयास परदेशीं जाण्याची गरज नाहीं. एखाद्या गुऱ्हाळावर घटकाभर उभें राहिलें तरी पुरे. चुलवाणावर मोठी काहील चढलेली असते, खालीं वाळलेलीं चिपाडें जळत असतात, मळी काढली जाते, रस आटत जातो आणि त्याचा रंग बदलतो. गुळव्या नुसता पाहत उभा असतो. मग एका क्षणीं तो काहिलींतला थोडा पाक गार पाण्यांत टाकतो, बोटांनीं त्याची गोळी वळून पाहतो, आणि ‘उतरा’ म्हणतो. तो क्षण अलीकडे आला तर गूळ मऊ राहतो, पलीकडे गेला तर करपतो. त्याची सारी विद्या त्या एका क्षणांत आहे. गुळव्याचा पुतळा हुबेहूब करतां येईल, हातांत पाण्याचें भांडेंही देतां येईल. परंतु तो केव्हां ‘उतरा’ म्हणाला, हें पुतळ्यांत कसें आणावें? कसब हें काळांत घडतें, आणि प्रतिमेपाशीं काळ नसतो. तीच गोष्ट चपलेची. हिरडा व बाभळीची साल यांच्या पाण्यांत कातडें किती दिवस मुरवावें, वादी किती ओढावी, रांपी कोठें थांबवावी, हें शिकावयास जन्म जातो. ही विद्या मेलेली नाहीं. २०१९ सालीं कोल्हापुरी चपलेला भौगोलिक ओळखीची सरकारी नोंदणी मिळाली, ती महाराष्ट्रांतील चार व कर्नाटकांतील चार अशा आठ जिल्ह्यांच्या कारागिरांना मिळून. स्वीडनमध्यें जें जवळजवळ संपलें होतें तें वाचविण्यास हासेलियुसला वणवण करावी लागली. कोल्हापुरांत पुष्कळ कांहीं अजून चालूं आहे, आणि तें सिमेंटांत पाहावयास लोक बारा किलोमीटर जातात.

स्कान्सेनची कल्पना अटलांटिक ओलांडून अमेरिकेंतही गेली, आणि तेथें तिला एक निराळें वळण लागलें. मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड यानें १९२९ सालीं मिशिगन प्रांतांत जुन्या इमारती गोळा करून ‘ग्रीनफील्ड व्हिलेज’ नांवाचें एक खेडें वसविलें. चित्रपट काढणारा वॉल्ट डिस्ने यानें तें पाहिलें, आणि १७ जुलै १९५५ रोजीं कॅलिफोर्नियांत त्याचें ‘डिस्नेलँड’ उघडलें. त्याच्या दाराशींच एक जुन्या वळणाचा बाजाररस्ता आहे. डिस्नेच्या बालपणींच्या गांवाची आठवण धरून तो रचलेला आहे. त्यांतील इमारतींचे वरचे मजले मुद्दाम खालच्यापेक्षां लहान मापानें बांधले आहेत, त्यामुळें त्या उंच भासतात आणि तरीही माणसाला दडपून टाकीत नाहींत. त्या रस्त्यावर चिखल नाहीं, दिवाळें निघालेलें दुकान नाहीं, दारूच्या गुत्त्यांतून झोकांड्या देत बाहेर पडणारा मनुष्य नाहीं. गतकाळांतील जें जें टोचतें तें तें कापून काढलें, कीं उरतें तें फार गोड असतें. करमणुकीच्या उद्यानानें असें केलें तर त्याला कोणी दोष देणार नाहीं. तें आपण इतिहास सांगतों असें म्हणतच नाहीं.

कणेरीचें खेडें मात्र इतिहास सांगतों असें म्हणतें. स्वयंपूर्ण गांव, बारा बलुतेदार व अठरा अलुतेदार यांचें परस्परसाह्य, पैशावांचून चालणारा व्यवहार, हा त्याचा विषय आहे. या चित्रांत खोटें असें कांहीं नाहीं. सुतारानें वर्षभर नांगर दुरुस्त करावे, न्हाव्यानें हजामत करावी, परटानें धुणें धुवावें, आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर येऊन प्रत्येकानें आपला वांटा उचलावा, ही व्यवस्था शेंकडों वर्षें चालली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत तिचें जें बारकाईनें केलेलें वर्णन आहे, तें आजही अभ्यासकांना आधारभूत वाटतें. बारांची यादी मुलखागणिक थोडी बदलते, परंतु बलुत्याच्या थोरल्या, मधल्या व धाकट्या अशा तीन ओळी सर्वत्र मानीत. ज्याचें काम शेतीला अधिक निकडीचें, त्याची ओळ थोरली आणि त्याचा वांटा मोठा.

आतां गंमत अशी, किंवा गंमत म्हणूं नये, कीं महार हा पुष्कळ ठिकाणीं थोरल्या ओळींतला बलुतेदार होता. गांवची राखण, सीमेची साक्ष, सरकारी सारा पोंचविणें, सांगावे नेणें, मेलेलीं जनावरें ओढणें, हीं सर्व कामें त्याच्याकडे. हिशेबाच्या वहींत त्याचें स्थान वरचें, आणि राहावयाची जागा गांवकुसाबाहेर. खळ्यावर त्याचा वांटा ठरलेला, पण गांवच्या विहिरीवर त्याला पाऊल ठेवतां येत नसे. कामाला वेळेचें बंधन नव्हतें आणि नाहीं म्हणण्याची सोय नव्हती.

ही गोष्ट देखाव्यांत कशी दाखवावी? विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांचा देखावा शिल्पकारानें कितीही हुबेहूब केला, तरी त्या विहिरीपासून ज्यांना दूर उभें राहावें लागे, त्यांचें तेथें नसणें तो कशानें घडविणार? जें आहे त्याची प्रतिमा होते; जें होऊं दिलें नाहीं त्याची प्रतिमा होत नाहीं. कणेरीच्या कारागिरांचा यांत दोष नसून ती त्या माध्यमाचीच मर्यादा आहे. परंतु मर्यादा आहे हें पाहणाराला कोणी तरी सांगावें लागतें. तें न सांगितल्यास दहा वर्षांचा मुलगा घरीं जातो तो अशी समजूत घेऊन, कीं पूर्वीं सर्व लोक आनंदानें आपापलें काम करीत होते, आणि मग कोणी तरी येऊन तें बिघडविलें.

कोल्हापुरांत तर ही समजूत विशेष विचित्र ठरेल, कारण ती व्यवस्था येथें कोणी बिघडविली नाहीं. ती येथील राजानेंच विचारपूर्वक मोडली. १९१८ सालीं छत्रपति शाहू महाराजांनीं आपल्या संस्थानांत बलुतेदारीची पद्धत आणि महार वतन रद्द केलें व वतनाच्या जमिनी रयताव्यानें महारांच्या स्वतःच्या नांवें केल्या. पुढच्याच वर्षीं सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने यांत अस्पृश्यता पाळूं नये असे हुकूम निघाले. मुंबई इलाख्यांत डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं वतनाच्या कायद्यांत दुरुस्ती करण्यासाठीं कायदेमंडळांत विधेयक आणलें. प्रत्यक्षांत तीं हलक्या मानलेल्या गांवकामाचीं वतनें कायद्यानें नाहींशीं व्हावयास १९५८ साल उजाडावें लागलें. म्हणजे कोल्हापूर चाळीस वर्षें पुढें होतें. त्याच सुमाराची गंगाराम कांबळे यांची हकीकत शहरांत सर्वश्रुत आहे. राजवाड्याच्या पागेंत नोकरीस असलेल्या या गृहस्थाला पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल इतर नोकरांनीं बेदम मारलें. महाराजांनीं मारणारांना शिक्षा केली आणि गंगारामांना भांडवल देऊन भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचें दुकान काढून दिलें. इतकेंच करून ते थांबले नाहींत. स्वतःची गाडी दुकानापुढें थांबवून ते तेथला चहा मागवीत व बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. एक हौद, एक दुकान आणि एक कप चहा. हा प्रसंग सिमेंटांतसुद्धां उत्तम उभा राहील.

स्कान्सेनलाही हाच प्रश्न सोडवावा लागला. तेथें आरंभीं आलीं तीं घरें बहुतेक खाऊनपिऊन सुखी असलेल्या शेतकऱ्यांचीं. रंगविलेल्या भिंती, कोरीव पलंग. परंतु ज्या स्वीडनमधून हीं घरें आलीं, त्याच स्वीडनमधून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत बारा लाखांवर माणसें दुष्काळानें व जमिनीच्या अभावानें अमेरिकेस निघून गेलीं, तीं कोठल्या घरांत राहत होतीं? पुढें हळूहळू भूमिहीनांच्या व शिपायांच्या झोंपड्या त्या टेकडीवर आल्या, आणि ‘स्तातारे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेतमजुरांची एक चाळही आली. या मजुरांची स्थिति बलुतेदाराची आठवण करून देते. जमीनदाराशीं वर्षाचा करार. मजुरीचा मोठा भाग धान्य, दूध, सरपण व राहावयास खोली या रूपानें. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यांत करार संपे आणि शेंकडों कुटुंबें सामान गाडींत घालून एका जमीनदाराकडून दुसऱ्याकडे जात. मजुराच्या बायकोलाही धन्याच्या गाई दिवसांतून अनेक वेळां पिळाव्या लागत, आणि या सक्तीला तिकडे ‘पांढरा आसूड’ असें नांव होतें. ईवार लू-योहान्सन या लेखकानें त्यांची दुःखें वेशीवर टांगलीं, मजुरांच्या संघटनेनें लढा दिला, आणि १९४५ सालीं ही पद्धत बंद झाली. आज ती चाळ श्रीमंत शेतकऱ्याच्या वाड्याइतक्याच आस्थेनें दाखविली जाते. दोन्हीं पाहिल्यावर प्रेक्षक जें समजावयाचें तें समजतो.

येथें स्कान्सेनची एक उणी बाजूही नोंदविली पाहिजे. जिवंत माणसें दाखविण्याच्या हौसेपायीं तेथें पहिल्या कांहीं दशकांत उत्तरेकडील सामी लोकांचीं कुटुंबें, त्यांच्या तंबूंसह व रेनडियरांसह, प्रेक्षकांपुढें राहावयास आणलीं होतीं. शहरांतील लोक तिकीट काढून त्यांचा संसार न्याहाळीत. आपल्या चुलीपाशीं बसलेल्या मनुष्याकडे अनोळखी डोळे दिवसभर पाहत राहिले तर त्याला काय वाटत असेल, हा विचार त्या काळीं फारसा कोणाच्या मनांत आला नाहीं. या दृष्टीनें पाहतां सिमेंटचा पुतळा बरा. त्याला कितीही वेळ पाहिलें तरी तो शरमत नाहीं. भोपाळची रीति या दोहोंमधील मध्यममार्ग आहे, कारण तेथें येणारा मनुष्य बांधणारा म्हणून येतो, आणि काम झाल्यावर आपल्या घरीं जातो.

कणेरीच्या देखाव्यांशेजारीं असें पुष्कळ कांहीं बसविण्यासारखें आहे, आणि त्यासाठीं एकही प्रतिमा हलवावी लागणार नाहीं. चर्मकाराच्या प्रतिमेजवळ हंगामांत आठ दिवस खरा चपला करणारा बसावा, त्याच्या कामाचा मोबदला त्याला मिळावा आणि मुलांनीं त्याला प्रश्न विचारावेत. खळ्याच्या देखाव्यापाशीं कोणाला किती वांटा मिळे याचा तक्ता असावा. विहिरीच्या देखाव्यापाशीं १९१९ चा हुकूम मोठ्या अक्षरांत लावावा. तोंवर जाणाऱ्या कुटुंबांनीं एवढें करण्यास हरकत नाहीं: गुऱ्हाळांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरूं होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, आणि त्या दिवसांत करवीर, कागल, पन्हाळा या तालुक्यांत धूर दिसेल तिकडे गुऱ्हाळ असतें. सकाळीं कणेरी पाहावी, दुपारीं एखाद्या गुऱ्हाळावर जावें. गुळव्या बोलका असला तर मुलांना काहिलीपासून हातभर दूर उभें करून तो पाकाची गोळी वळून दाखवितो, आणि वाफ्यांत ओतलेल्या गुळाचा पहिला कोमट खडा त्यांच्या हातावर ठेवतो.